ब्रिजच्या तक्त्यात काट्याचा मॅक पत्ता टाकला आणि काटाच गप्प झाला

काजू_चंदगड
मंडळी, फोनवरून लिहितोय आणि कीबोर्ड मराठीच आहे, म्हणून कमांडीसुद्धा देवनागरीत. समजून घ्या.

आमचा चंदगडला काजूचा छोटा कारखाना आहे. ऑफिस रस्त्याला, गोदाम मागे तीनेकशे मीटरवर, मध्ये आमचीच बाग. केबल दोनदा टाकली. एकदा जेसीबीनं तोडली, एकदा घुशींनी खाल्ली. शेवटी दोन्ही छपरांवर वायरलेस रेडिओ बसवले. ऑफिसात सहा लॅन पोर्टांचा छोटा पीसी आहे, त्यावर डेबियन लिनक्स, आणि सगळे पोर्ट बीआर० या ब्रिजमध्ये, म्हणजे पीसीच स्विचसारखा सगळ्यांना जोडतो. लॅन१ ला राउटर, लॅन२ ला बिलिंगचा पीसी, लॅन३ ला गेटवरचा जुना कॅमेरा, लॅन४ ला रेडिओ, लॅन५ ला बाबांच्या केबिनमधल्या टीव्हीमागचा डिकोडर. कॅमेरा त्या डिकोडरला थेट चित्र पाठवतो. ते गोदामाकडे जायचं काही कारणच नाही. तरी मधूनच लॅन४ वर चार मेगाबिट वाहायला लागायचे आणि बिलिंग रखडायचं.

कुठंतरी वाचून ‘ब्रिज लिंक सेट डेव्ह लॅन४ फ्लड ऑफ’ केलं, म्हणजे कुणाचं ते माहीत नसलेलं पॅकेट लॅन४ वर सोडू नको. वाहणं थांबलं. पण गोदामात वजनकाटा आहे, त्याला लॅन कार्ड आहे, आणि तो विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. चहाच्या सुट्टीनंतर पहिलं पोतं ठेवलं की सॉफ्टवेअर म्हणणार, ‘काटा जोडलेला नाही’. दोन-तीनदा बटण दाबलं की चालू.

कुठला मॅक (लॅन कार्डाचा पत्ता) कुठल्या पोर्टावर, याचा तक्ता ब्रिज ठेवतो, त्यालाच एफडीबी म्हणतात. म्हटलं, काट्याचा पत्ता त्या तक्त्यात कायमचाच लिहून टाकू. ‘ब्रिज एफडीबी ॲड’, पुढे काट्याचा मॅक (शेवटी ४१ आहे), ‘डेव्ह लॅन४ मास्टर परमनंट’. त्या क्षणापासून काटा पूर्ण बंद. पिंग नाही, वजन नाही. बिलिंगच्या पीसीवर एआरपी (‘या आयपीचा मॅक कोणता’ हे विचारून ठेवलेली नोंद) बघितलं तर काट्याचा मॅक बरोबर दिसतो! येणारी-जाणारी पॅकेटं बघायला टीसीपीडंप लावला. पॅकेट लॅन२ मधून आत येतं, लॅन४ मधून बाहेर पडतच नाही. वर डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलच्या नोंदींत) सारखी एक ओळ: ‘रिसिव्हड पॅकेट ऑन लॅन४ विथ ओन ॲड्रेस ॲज सोर्स ॲड्रेस’.

काल दिवसभर वजनं वहीत लिहिली. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं बघत होते.

हडपसर_नेट
राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग कर. काट्याचा आयपी आणि पोर्ट टाक, सेव्ह कर, रिस्टार्ट. आमच्या सोसायटीच्या डीव्हीआरला असंच केलं होतं.

काजू_चंदगड
दादा, ते बाहेरच्या इंटरनेटवरून आत यायचं असेल तर. इथं पीसी आणि काटा दोघं एकाच नेटवर्कात आहेत. ब्रिजला आयपीशी देणंघेणं नाही, तो मॅक बघून कुठल्या पोर्टातून पाठवायचं ते ठरवतो.

एसटीपी_भक्त
ओन ॲड्रेस ॲज सोर्स म्हणजे लूप. शंभर टक्के. पाठवलेलं फिरून परत येतंय. एसटीपी (लूप तोडणारी सोय) चालू कर.

काजू_चंदगड
केलं. तीस सेकंद सगळ्यांचंच नेट गेलं, मग आलं, आणि ओळ तशीच. लॅन२ आणि लॅन४ सोडून बाकी केबली काढून पाहिल्या, तरी तीच. लूप व्हायला दुसरी वाटच नाही इथं.

माजी_केबलवाला
भावा, लूप नाही. ‘परमनंट’ या शब्दानं फसवलंय तुला. मीही एकदा फसलोय, म्हणून हसत नाही.

आधी एक सांग. ‘ब्रिज एफडीबी शो’ मारल्यावर पूर्वी लॅन४ वर काट्याचाच मॅक दिसायचा की रेडिओचा? रेडिओ साध्या क्लायंट मोडमध्ये असेल तर पलीकडची सगळी यंत्रं रेडिओच्या एकाच मॅकनं दिसतात. मग काट्याचा पत्ता तक्त्यात टाकून उपयोग शून्य.

काजू_चंदगड
काट्याचाच दिसायचा. रेडिओ डब्ल्यूडीएस मोडमध्ये आहेत, त्यात पलीकडच्यांचे मॅक तसेच इकडे येतात.

माजी_केबलवाला
मग ऐक. ब्रिजच्या तक्त्यात परमनंट म्हणजे ‘ही ओळ पुसू नको’ असं आपण समजतो. लिनक्सच्या मॅन पेजात (कमांडीच्या माहितीपानात) परमनंटपुढे लिहिलंय की हा लोकलचा समानार्थी शब्द. आणि लोकल म्हणजे हा पत्ता ब्रिजचा स्वतःचा, या पत्त्यावर आलेलं पुढे पाठवायचं नाही, इथंच उतरवायचं. पोस्टमननं पाकिटावर स्वतःचंच नाव वाचलं आणि खिशात घातलं, तसं झालंय. तक्ता परत बघ. लॅन१, लॅन२ या कार्डांचे स्वतःचे मॅक असतील ना, त्यांच्यापुढेही परमनंटच लिहिलेलं दिसेल. काटा तू त्यांच्या पंगतीत बसवलास.

आता तुझी लक्षणं लाव. एआरपीची हाक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना मारलेली, ती काट्यापर्यंत जाते, तो उत्तर देतो, म्हणून पीसीला मॅक कळतो. पुढे पीसी थेट त्या मॅकला पाठवतो आणि ते ब्रिज गिळून बसतो. काटा उत्तर देताना ब्रिजला वाटतं, ‘अरे, हा तर माझाच पत्ता, बाहेरून कसा आला?’ डीमेसेजची ओळ तीच. एसटीपी_भक्त भाऊ, ती ओळ बघून लूपची शंका येणं साहजिक आहे, बहुतेक वेळा ती लूपचीच असते.

तर ती ओळ ‘ब्रिज एफडीबी डेल’नं काढ आणि टाकायचीच असेल तर शेवटी ‘स्टॅटिक’ लिही. काहीच न लिहिता सोडलंस तरी ती लोकलच धरली जाते, हे ध्यानात ठेव. ‘मास्टर’ही विसरू नको. ते गाळलं की ओळ ब्रिजच्या तक्त्यात न जाता त्या कार्डाच्या स्वतःच्या यादीत जाते, आणि तू शोधत बसतोस. स्टॅटिक ओळ जुनी होऊन पुसली जात नाही. पण तोच मॅक दुसऱ्या पोर्टवर बोलला तर ती तिकडे सरकते. तेही नको असेल तर ‘स्टिकी’ आहे. रीबूटनंतर मात्र सगळं जातं, म्हणून इंटरफेसेसच्या फाइलीत पोस्ट-अपच्या ओळीत टाकावं लागतं.

हे झालं तू विचारलेल्याचं. पण माझं ऐकशील तर ती ओळ टाकूच नको, आणि फ्लडही परत ऑन कर.

ब्रिजला पत्ता माहीत नसेल तर तो पॅकेट सगळ्या पोर्टांवर सोडतो, हा त्याचा दोष नाही, धंदाच तो आहे. शोधायचं हे की डिकोडरचा पत्ता तो विसरतो का. कोणी ३०० सेकंद बोललं नाही की तक्त्यातली ओळ जाते, लिनक्समध्येही आणि बहुतेक स्विचांतही. तुझा डिकोडर नुसता चित्र घेतो, बोलत नाही. बोलतो कधी? कॅमेऱ्यानं एआरपी विचारलं की. आता तो जुना कॅमेरा किती वेळानं विचारतो ते बघ. बीएसडीच्या घराण्यातल्या जुन्या नेटवर्क कोडमध्ये एआरपीची मुदत २० मिनिटं असायची, सिस्कोच्या राउटरात तर ४ तास. कॅमेरा २० मिनिटं लक्षात ठेवतो आणि ब्रिज ५, तर मधली १५ मिनिटं चित्र सगळ्या पोर्टांवर. रेडिओवरसुद्धा.

‘ब्रिज -एस एफडीबी शो’ मार. प्रत्येक ओळीत ‘यूज्ड’ पुढे दोन आकडे येतात. पहिला, ती ओळ वापरून किती सेकंद झाले. दुसरा, त्या यंत्राचं तोंड शेवटचं ऐकून किती सेकंद झाले. डिकोडरच्या दुसऱ्या आकड्यावर नजर ठेव.

हाताने लिहिलेल्या ओळींना मी का घाबरतो, तेही सांगतो. केबलच्या धंद्यात होतो तेव्हा आमच्याच एका पोरानं एका बॉक्सची स्टॅटिक ओळ टाकली होती, स्टिकी नव्हे पण फ्लड बंद, अगदी तुझ्यासारखं. जूनमध्ये वीज पडली, कार्ड जळलं, नवीन कार्डाचा मॅक वेगळा. पोरगा तोवर नोकरी सोडून गेलेला. दोन दिवस मी खांबावर चढून कनेक्टर बदलत होतो. तुमच्याकडे पाऊस आमच्यापेक्षा जास्तच.

काजू_चंदगड
काका, बघितलं! फ्लड ऑन केला आणि समोर खुर्ची टाकून बसलो. पहिला आकडा ० वर थांबलेला, दुसरा चढतोय. २८०, २९०... तीनशेच्या आसपास डिकोडरची ओळच गायब, आणि तेव्हाच लॅन४ चा दिवा वेड्यासारखा लुकलुकायला लागला. लॅन३ वर एआरपी पकडलं. दोन हाकांमध्ये बरोबर २० मिनिटं.

मग मुदत अर्धा तास करावी म्हणून ‘आयपी लिंक सेट बीआर० टाइप ब्रिज एजिंग_टाइम १८००’ दिलं. आता तर जास्तच बिघडलं. दिवा बंदच होत नाही, ओळी येतात आणि लगेच जातात. काट्याचीही टिकत नाही.

माजी_केबलवाला
‘आयपी’ कमांडीत तो आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात असतो. मूळचा आकडा बघ, ३०००० दिसेल, म्हणजे ३०० सेकंद. तू अठरा सेकंद केलेस. जुनं ‘बीआरसीटीएल सेटएजिंग’ मात्र सेकंदच घेतं, म्हणून सगळ्यांचा घोटाळा होतो. आणि चुकून ० टाकू नको. सिस्कोत ० म्हणजे कधीच विसरू नको, लिनक्सचा ब्रिज ० दिलं की काही लक्षातच ठेवत नाही, निव्वळ हब होतो, सगळं सगळ्या पोर्टांवर सोडतो.

एसटीपी_भक्त
अर्धा तास जास्त नाही का? एखादं यंत्र या पोर्टातून त्या पोर्टात हलवलं तर?

माजी_केबलवाला
हलवलेलं यंत्र जोडल्याजोडल्या डीएचसीपी (आयपी द्या म्हणून मागणी) नाहीतर एआरपी ओरडतंच, आणि पहिल्याच पॅकेटला तक्त्यातला पोर्ट बदलतो. अडचण फक्त हलवूनही गप्प बसणाऱ्याची. काटा कोण हलवणार आहे? शंभर किलोचा असेल.

काजू_चंदगड
दीडशे. १८०००० केलं, फाइलीतही टाकलं, दोनदा शून्यं मोजली. स्टॅटिक ओळ नाही, फ्लड ऑन. सकाळपासून लॅन४ चा दिवा शांत आहे. काट्याला सहसा अर्ध्या तासात कोणीतरी विचारतंच, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर ओळ नव्हती तरी पहिल्याच दाबात वजन आलं, फ्लड चालू असल्यामुळे. काट्याच्या मागं मॅक लिहून चिकटपट्टी लावलीय, कार्ड जळलं तर.

बाबांनी केबिनमधून हाक मारून विचारलं, टीव्ही बंद ठेवू का, तुझं काम सोपं होईल. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर हो म्हटलं असतं.