मदत हवी आहे: मराठी विकिपीडियावर नव्या मुलांना संदर्भ द्यायला कसं शिकवावं?

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. यंदा पहिल्या वर्षाच्या बारा मुलांना घेऊन मराठी विकिपीडियावर त्यांच्या त्यांच्या गावांचे लेख लिहायला बसले. टायपिंग, दुवे, फोटो चढवणं मुलं दोन दिवसांत शिकली. अडलंय ते संदर्भापाशी.

एका मुलीनं गावच्या यात्रेवर फार सुंदर परिच्छेद लिहिला. पालखी कुठल्या वाटेनं जाते, सासनकाठीचा मान कोणाचा, ती कोणत्या पारापाशी टेकवतात, सगळं आजीकडून ऐकलेलं. दुसऱ्या दिवशी वाक्यावाक्याला ‘संदर्भ हवा’ हा साचा, म्हणजे विकिपीडियावरची ठरावीक सूचना, लागला आणि अर्धा मजकूर उडाला. साचा लावणाऱ्याचं चुकलं नाही, नियम मलाही पटतो. पण पोरगी विचारते, "मॅडम, आजी खोटं सांगते का?" मला उत्तर देता आलं नाही.

बाकीची मुलं व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर आणतात, नाहीतर ब्लॉगवरचा, आणि तो ब्लॉगच विकिपीडियावरून उतरवलेला निघतो. पुस्तक सापडलं तरी पान क्रमांक कोणी टिपत नाही. परवा एकानं पाचशे पानी पुस्तकाचं नुसतं नाव दिलं.

आधी लिहायचं आणि मग संदर्भ शोधत बसायचं, ही सवय कशी मोडावी? आणि यात्रा, ग्रामदैवत अशा विषयांना छापील आधार कुठे मिळेल? बहुतेक जण मोबाइलवरच काम करतात.

प्रतिसाद १

ताई, १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांवर एक वेगळा भाग निघाला होता. इंग्रजीत आहे. यात्रा कुठे, कधी भरते, किती माणसं जमतात, हे त्यात मिळतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड १८८५चा, तोही चाळा. गावाच्या नावाचं स्पेलिंग जुनं असेल, तालुकाही बदललेला असू शकतो, म्हणून शेजारच्या गावांवरून शोधा. पालखीची वाट बहुधा मिळणार नाही. जे छापलंय तेवढंच लेखात ठेवायचं, आणि ‘१९६१च्या नोंदीनुसार’ असं साल घालून.

आजी खोटं सांगत नाही, असं त्या मुलीला जरूर सांगा. वाचणाऱ्याला आजीच्या घरी जाऊन पडताळता येत नाही, अडचण एवढीच. तोंडी माहितीची ध्वनिमुद्रणं संदर्भ म्हणून वापरायचा प्रयोग २०११मध्ये अचल प्रभला यांनी हिंदी, मल्याळम आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेत केला होता. त्यानं सगळीकडचा नियम बदलला नाही. तरी आजीचं बोलणं आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा, तारीख आणि गावाचं नाव सुरुवातीलाच बोलून. लोकसंस्कृतीच्या एखाद्या अभ्यासकानं त्यावर लिहून छापलं, तर तो छापील लेख संदर्भाला चालेल.

प्रतिसाद २

मी शिकवताना विषय देतच नाही, आधी पान देते. पुस्तकातल्या एका पानाची झेरॉक्स, वरच्या कोपऱ्यात पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल, पान क्रमांक मुलांनी स्वतःच्या हातानं लिहायचा. मग पुस्तक मिटून तीन वाक्यं स्वतःच्या शब्दांत. पहिल्याच वाक्याला संदर्भ जोडल्याशिवाय दुसरं वाक्य लिहू देत नाही. सुरुवातीला कुरकुरतात, आठवड्याभरात हात बसतो.

मोबाइलवर यथादृश्य संपादकात (व्हिज्युअल एडिटरमध्ये) अवतरणचिन्हाचं बटण असतं. तिथे दुवा चिकटवला की पुष्कळदा माहिती आपोआप भरते, पण मराठी वृत्तपत्रांच्या बाबतीत शीर्षक आणि तारीख तपासल्याशिवाय जतन करू देऊ नका. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतो, तो रकाना मोकळा सोडायचा. बातम्यांची पानं गायब होतात, म्हणून दुवा वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर, साठवून तो पत्ताही द्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जनगणनेचा तो भाग आमच्याकडे नाही, सोमवारी जिल्हा ग्रंथालयात विचारते. त्या मुलीचा परिच्छेद तिच्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, हलवून ठेवलाय. रविवारी आम्ही दोघी आजीकडे जातोय. रेकॉर्डिंगच्या वेळी आणखी काय नोंदवून घ्यावं, ते कोणी सांगेल का?