परत पाहिला तेव्हा काय झालं? जुने भयपट, त्यांचे पुढचे भाग आणि रीमेक : अनुभव धागा

नौपाडा, ठाणे

मागच्या रविवारी मुलीला हौसेने 'पुराना मंदिर' दाखवला. रामसे बंधूंचा, १९८४ सालचा. बाहेर पाऊस, पडदे ओढलेले, कांदाभजी, सगळा थाट केला. सहावीत असताना यातल्याच सामरी नावाच्या राक्षसापायी मी रात्री चाळीच्या टोकाच्या संडासात जाताना आईला दाराबाहेर उभं करायचो आणि आतून दर अर्ध्या मिनिटाने "आहेस ना?" विचारायचो. तो सामरी पडद्यावर अवतरला आणि आमची पंधरा वर्षांची कन्यका म्हणाली, "बाबा, या काकांना बरं नाहीये का?"

राग आला. खोटं कशाला बोलू? अर्ध्या तासाने मलाही हसू यायला लागलं, त्याचा तर जास्तच राग आला.

म्हणून हा धागा. जुना भयपट तेव्हा कुठे, कुणाबरोबर पाहिलात? आता परत पाहिल्यावर त्यातलं काय टिकलं, काय विरलं? पुढचा भाग किंवा रीमेक पाहिला असेल तर मूळ सिनेमाच्या शेजारी बसवून सांगा. नुसतं 'एक नंबर' किंवा 'बकवास' नको. आणि जागा सांगा. भुताला पत्ता लागतो.

कोपरी

मी सत्तरीची, निवृत्त शिक्षिका. आमच्या काळात भूत शेवटच्या रिळात माणूस निघायचं. 'महल' (१९४९) घ्या, 'बीस साल बाद' (१९६२) घ्या, 'वो कौन थी?' (१९६४) घ्या. पांढरी साडी, धुकं, लताबाईंचा आवाज, आणि शेवटी उलगडा. मुलगी होते तेव्हा मला यात फसवणूक वाटायची. दोन-अडीच तास घाबरवलंत आणि आता म्हणता भूत नव्हतंच?

लॉकडाऊनमध्ये 'बीस साल बाद' परत पाहिला. शेवट पाठ होता. मग मी हिरो-हिरॉइनकडे बघितलंच नाही, पहिल्यापासून त्या एका माणसाकडे बघत बसले. किती साधा बोलतो, किती काळजी घेतो! अंगावर काटा आला. माणूस कोण ते सांगत नाही. साठ वर्षं झाली म्हणून काय झालं, सांगायचं नसतं.

मूळ कथा शेरलॉक होम्सची, बास्करव्हिलच्या कुत्र्याची. आपल्याकडे कुत्रा गेला आणि 'कहीं दीप जले कहीं दिल' आलं. असली उचलेगिरी मला चालते.

वागळे इस्टेट

आमच्या चाळीत शनिवारी रात्री व्हीसीआर भाड्याने यायचा, टीव्हीसकट. घरटी वर्गणी, तीन कॅसेट. पहिली देवाधर्माची, आज्यांसाठी. दुसरी मारामारीची. आणि पोरं झोपली असं समजून तिसरी, 'ईव्हिल डेड'. पोरं झोपलेली नसत. माझ्या गोधडीला बरोबर डोळ्यापाशी भोक होतं.

कॉपीवरून कॉपी मारलेली ती कॅसेट. चेहरे धड दिसायचे नाहीत, खालून पट्टे सरकायचे, मध्येच चित्र उडालं की कुणीतरी उठून हेड पुसायचा. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. शेजारचा दादा भाषांतर करायचा, म्हणजे मनाचं ठोकून द्यायचा. वीस वर्षं मी धरून चाललो होतो की जंगलातल्या त्या खोपटात एका सावकाराने बाईला मारलेलं असतं. असलं काही नाही त्यात! टेपरेकॉर्डरवर मंत्र वाजतो, झालं.

पुढे स्वच्छ प्रिंट बघितली आणि पंचाईत झाली. मेकअपच्या कडा दिसतात. पण एक गोष्ट अजून हलवते, ती म्हणजे झाडांमधून जमिनीलगत धावत येणारी ती नजर. भूत दिसतच नाही, आपणच भूत होऊन त्या घरावर चालून जातो. सिनेमा काढणाऱ्या पोरांकडे पैसे नव्हते, तर त्यांनी कॅमेरा लाकडी फळीला ठोकला, दोन टोकं दोघांनी धरली आणि पळत सुटले. मी आयुष्यभर फॅब्रिकेशनच्या कामात आहे. जुगाड ओळखतो, आणि हा अव्वल दर्जाचा जुगाड आहे.

१९८७ चा दुसरा भाग निम्मा विनोदी आहे आणि त्यांनी तो मुद्दाम तसा केलाय, तेव्हा तक्रार नाही. २०१३ चा रीमेक पोराबरोबर बघितला. शेवटी अक्षरशः रक्ताचा पाऊस पडतो. कामात खोट काढायला जागा नाही. पण मला भीती वाटली नाही, मळमळलं. पोरगा म्हणाला, "तुम्ही म्हातारे झालात." असेलही. पण त्याला गोधडीचं भोक कुठे मिळालं?

ऐरोली

'झपाटलेला' १९९३ साली आला. त्यानंतर धाकट्या बहिणीची प्लास्टिकची बाहुली मी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊन टाकली. घरात अजून माहीत नाही. (आता होईल.)

तात्या विंचूत जीव रामदास पाध्यांच्या हातांमुळे आहे. समोर वस्तू असते, लक्ष्याच्या अंगावर ती खरोखर चढते, म्हणून तो ओरडला की आपण हसतो आणि पाय पण वर घेतो. दुसरा भाग २०१३ मध्ये थ्रीडीत आला. तोवर लक्ष्या गेलेला होता. पडद्यातून काय काय बाहेर आलं, मी मात्र ज्याला शोधत होतो तो कुठून येणार?

सीवूड्स

मी रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करतो, त्यामुळे कानाने बोलतो.

२००३ मध्ये राम गोपाल वर्मांचा 'भूत' आला. त्याच सुमारास आम्ही नेरूळला नव्या इमारतीत राहायला गेलो होतो. बारावा मजला, अर्धी इमारत रिकामी, खाडीवरचा वारा डक्टमधून शीळ घालायचा. सिनेमात पण नवं जोडपं उंच इमारतीत फ्लॅट घेतं, आणि आधीची भाडेकरू बाल्कनीतून पडून मेलेली असते. हवेली नाही, वटवाघळं नाहीत, गाणं एकही नाही. पार्किंग, वॉचमन, लिफ्ट, आपल्या रोजच्या गोष्टी. रात्री परतलो तर आमची लिफ्ट सातव्यावर थांबली. दार उघडलं. बाहेर मिट्ट काळोख, कुणी नाही. दार बंद. दुसऱ्या रात्री पुन्हा सातवा. बायको आठवडाभर बारा मजले जिने चढली, आणि मी "व्यायाम बरा असतो" म्हणत तिच्या मागून. पुढे कळलं, सातव्यावर फर्निचरचं काम चालू होतं. सुताराची पोरं बटण दाबून पळायची.

मागच्या वर्षी हेडफोन लावून तो परत ऐकला. पाहिला नाही, ऐकला. दारं आणि किंकाळ्या भरपूर आहेत, पण खरं काम त्यांच्यामधल्या मोकळ्या जागांचं आहे. पंखा, फ्रिज, रात्री घर जसं वाजतं तसं वाजत राहतं, आणि आपण कान टवकारून बसतो. २०१२ चा 'भूत रिटर्न्स' थ्रीडीत आला आणि त्यात ही मोकळी जागाच भरून टाकलेली. धाडकन आवाज केला की कुणीही दचकेल. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकतो. घाबरणं वेगळं, त्याला वेळ द्यावा लागतो.

नौपाडा, ठाणे

मध्येच एक. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने इंजिनिअर आहेत, असं मी मुलीला सांगितलं. तिचे क्लास चालू आहेत. म्हणाली, "आता भीती वाटली."

कळवा

दचकण्याच्या मुद्द्याला माझा विरोध. आम्ही गणेशोत्सवात रस्त्यावर पडदा लावून रामसेंचे पिक्चर बघायचो, निम्मे लोक पडद्याच्या मागून, म्हणजे उलटे. दोनशे माणसं एकदम दचकून एकदम हसायची. ती मजा सूक्ष्म आवाजात नाही हो. 'वीराना' घरात एकट्याने हेडफोन लावून बघणं म्हणजे दहीहंडी गॅलरीतून बघणं. आणि भूत दाखवायचंच नाही हा नखरा कशाला? पैसे दिलेत, भूत दाखवा.

ठाणे पश्चिम, मनोरुग्णालयाच्या बाजूला

मी परिचारिका होते, मनोरुग्णांच्याच सेवेत. "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद महाराष्ट्रभर चालतो. आम्ही ठाण्यातच राहतो, काय करणार! त्यामुळे 'झपाटलेली बाई' हा प्रकार मी सिनेमात बघते तेव्हा माझं लक्ष हिरोकडे नसतं. तिला घरचे लोक कसं धरतात, कोण बांधतं, कोण पाणी देतं, तिकडे असतं.

'मणिचित्रताळ' हा १९९३ चा मल्याळम सिनेमा मी फार उशिरा, सबटायटलवर पाहिला. त्याआधी त्यावरून केलेला 'भूल भुलैया' (२००७) पाहिला होता. रजनीकांतचा 'चंद्रमुखी' (२००५) त्याच घराण्यातला. मूळ सिनेमात शोभनाने जे काम केलंय त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. डोळे बदलतात तिचे, आणि मेकअपच्या आधी बदलतात. गोष्टीचा कणा असा, की घर म्हणतं भूत, आणि बाहेरून आलेला डॉक्टर म्हणतो आजार. त्याचा इलाज म्हणाल तर नाटकी आहे. असं एका रात्रीत, देखावा उभा करून कुणी बरं होत नाही. आमच्याकडे महिने लागायचे, गोळ्या लागायच्या, घरच्यांचा धीर लागायचा. पण तिला मारलं नाही, धुरी दिली नाही, ती आजारी आहे असं भर सिनेमात सांगितलं. माझ्या कामाच्या वर्षांत देवऋषाकडून चटके खाऊन मग आमच्याकडे आलेल्या बायका मी पाहिल्यात. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला तोच मुळी २०१३ साली.

आणि मग २०२२ चा 'भूल भुलैया २'. नाव तेच, भुताचं 'मंजुलिका' हे नावही तेच, गाणं तेच, आणि आता भूत खरं! थिएटरात लोक हसत होते, मीही दोन-तीनदा हसले. बाहेर पडून ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसले तेव्हा मात्र राग चढला. पहिल्या सिनेमाने जे एक वाक्य मोठ्या कष्टाने म्हटलं होतं, तेच दुसऱ्याने सहज पुसून टाकलं. सिक्वेल कंटाळवाणा असेल तर मी सोडून देते. हा कंटाळवाणा नव्हता.

घोडबंदर रोड

वय चोवीस. धागा मांडणाऱ्या काकांच्या मुलीच्या बाजूने लिहायला आले होते, पण वरचं वाचून थोडी नरमले.

माझा प्रवास उलटा. आधी 'छोरी' (२०२१) मोबाइलवर पाहिला, मग कळलं की तो मराठी 'लपाछपी'चा (२०१७) रीमेक आहे. दोन्हींचे दिग्दर्शक एकच, विशाल फुरिया. त्यामुळे 'हिंदीवाल्यांनी वाट लावली' हे रडगाणं इथे चालत नाही. ऊस तोच, गरोदर बाई तीच, धक्काही तोच. मग मला दुसऱ्यांदा, सगळं माहीत असताना, मराठीच का जास्त लागला? माझ्या मते कारण उषा नाईक. ती बाई प्रेमाने जेवायला वाढते, "खा गं बाय" अशा सुरात बोलते, आणि तो सूर माझ्या सख्ख्या चुलत आजीचा आहे. आमच्या गावी मुलगी झाल्याचं कळल्यावर त्याच सुरात "असू दे" म्हणतात. हिंदीत ती मला फक्त सिनेमातली बाई वाटली.

पूजा सावंतला भीतीपेक्षा दमलेलं जास्त दाखवलंय, तेही पटलं.

वाशी

रीमेक म्हणजे पापच, असं वातावरण होतंय म्हणून लिहितो. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' (१९८२) हा १९५१ च्या सिनेमाची नवी आवृत्ती. आला तेव्हा समीक्षकांनी धू-धू धुतला, आज तो मानाने दाखवतात. 'द फ्लाय' १९५८ चा, आणि १९८६ चा त्याच्या कितीतरी पुढे. दोघांनीही मूळ कल्पना घेतली आणि घर नवीन बांधलं.

याउलट १९९८ चा 'सायको'. हिचकॉकच्या १९६० च्या सिनेमाची शॉटला शॉट नक्कल, फक्त रंगीत. मी हट्टाने दोन्ही एकापाठोपाठ पाहिले. न्हाणीघराचा प्रसंग, तेच कोन, तेच व्हायोलिन. मूळ प्रसंगात रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं आणि तरी माझे हात गार पडले. रंगीत लाल रक्त बघताना मी टाइल्स बघत होतो. आमच्या बाथरूमचं काम काढलेलं, तेही कारण असेल.

ढोकाळी

आमची आजी सावंतवाडीची. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा अण्णा नाईक पहिल्याच दमात मेले. लोकांना म्हातारा इतका आवडला की २०१९ चा दुसरा भाग काळाच्या मागे नेला आणि त्यात ते जिवंत. शेवंता आली, भीती गेली, सगळे प्रेमात. २०२१ च्या तिसऱ्या भागात परत भूत. आजीचा निकाल एका ओळीत : "ह्यो मेलो तरी पाठ सोडूक नाय."

मानपाडा

'तुंबाड' २०१८ मध्ये पाहिला तेव्हा हॉलमध्ये आम्ही नऊ जण होतो. मोजले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये परत लागला तेव्हा तिकीट मिळेना. माझ्या शेजारी एक मुलगा संवाद आधीच म्हणत होता. आजी पलंगावर झोपलेली आहे तिथे मात्र तोही गप्प. सिनेमात नऊ माणसांबरोबरची भीती आणि तीनशे माणसांबरोबरची भीती, मला तरी नऊवाली बरी वाटली. कळवेकर रागावतील.

पाचपाखाडी

माझी गोष्ट अर्धीच आहे. भारनियमनाच्या दिवसांतली, २००६ च्या आसपास. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे आमच्याकडे रोजचा अंधार. केबलवर रात्री राम गोपाल वर्मांचा 'रात' लागला होता, १९९२ चा. रेवती, ओम पुरी. घरात मी आणि धाकटा भाऊ. शेवटाकडे सिनेमा आला आणि दिवे गेले. पंखा थांबत थांबत थांबला. कुणी हललं नाही. बऱ्याच वेळाने भाऊ म्हणाला, "आता काय झालं असेल रे?" आणि मी त्याला शेवट सांगायला लागलो, मनाने. दिवे यायला दोन तास लागले. तोवर मी तीन शेवट सांगितले. तिसऱ्याला तो रडला.

भाऊ आता परदेशी असतो. गेल्या आठवड्यात त्याने पूर्ण सिनेमाची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "तू आधी बघ, मग सांग." दिवे गेले तिथपर्यंत बघितलाय. तिथे थांबवून ठेवलाय. आज चौथा दिवस.