सल्ला हवा: सोलर कंपनीचा ३० वर्षांचा भाडेपट्टा, वकील कोणता गाठू? (दक्षिण सोलापूर)

माळरान_मंद्रूप
नमस्कार मंडळी. ४ हेक्टर ४० आर मुरमाड जमीन आहे, ३३ केव्ही उपकेंद्र ३ किलोमीटरवर. सोलर कंपनीने ४१ पानी इंग्रजी मसुदा पाठवलाय. मुदत ३० वर्षे, एकरी ५०,००० रुपये, दर ३ वर्षांनी ५ टक्के वाढ. सातबाऱ्यावर आई, मी आणि धाकटा भाऊ. सोसायटीचा बोजा आहे. महसुलाचा वकील धरू, कंपनी करारांचा, की वीज कायद्याचा? फी २५,००० च्या वर झेपणार नाही. सोमवारी सह्या करा म्हणून मागे लागलेत.

जुळे_सोलापूर
महसुलाचाच धरा. मोठी ऑफिसं मसुदा देखणा करतात आणि फेरफार वाचायला शेवटी इथल्याच माणसाला फोन लावतात. त्याच्याकडून ३० वर्षांचा शोध अहवाल (जमिनीचे जुने व्यवहार तपासून दिलेला) घ्या, नुसता ऑनलाइन नको, दुय्यम निबंधकाकडची सूची २ (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) बघून. भोगवटादार वर्ग १ (मोकळी मालकी) की २ (हस्तांतरणावर सरकारी बंधन), ते आधी. वर्ग २ निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची वाट बघावी लागेल. शिवाय आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा लागतो. त्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जमीन विकणंच नव्हे, भाडेपट्ट्याने देणंही परवानगीशिवाय चालत नाही. कंपनी 'आम्हाला सूट आहे' म्हणाली तर कोणत्या आदेशाने, ते दस्तात लिहून घ्या.

टॉवेल_अक्कलकोट_रोड
२५ हजारात काय होतंय ओ? पुण्याचं कॉर्पोरेट ऑफिस धरा. दीड-दोन लाख जातील, पण ३० वर्षांचा मामला आहे. आमच्या युनिटचा वीज करार तिथेच झाला, नंतर कंपनीला त्यातला एक शब्द हलवता आला नाही. विजेचा वकील तर हवाच. कॅप्टिव्हमध्ये (स्वतःच्या वापरासाठीच्या वीज प्रकल्पात) वीज घेणाऱ्याचं २६ टक्के भागभांडवल आणि ५१ टक्के वीजवापर, यातलं एक जरी वर्षाअखेर हुकलं तरी क्रॉस सबसिडी अधिभार (विजेवरचा जादा आकार) बसतो आणि बचत तिथेच संपते.

वाहिनी_३३केव्ही
मालक, ते वीज घेणाऱ्याचं झालं, हे जमीन देणारे आहेत. यांना वीज कायद्याचा वेगळा वकील नको. भाडं कशाला बांधलंय, एवढंच बघायचं. 'प्रकल्प कार्यान्वित झाल्यापासून भाडे' असं असेल तर ते खोडा. वीज खरेदी करार रखडला किंवा उपकेंद्रात जागा मिळाली नाही, तर जमीन कुंपणात आणि भाडं शून्य. ताबा दिल्या तारखेपासून भाडं हवं.

प्रकल्प मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला आहे का, तेही लेखी विचारा. तिथे हेक्टरी १,२५,००० किंवा रेडीरेकनरच्या (जमिनीच्या सरकारी दराच्या) ६ टक्के, यातलं जे जास्त ते, वर मूळ दरावर दरवर्षी ३ टक्के सरळ वाढ. तुमचा दर हेक्टरी साधारण १,२३,५०० पडतो, म्हणजे आज फरक किरकोळ. मार वाढीत आहे. सरळ ३ टक्क्यांनी २९व्या वर्षी भाडं १.८४ पट होतं, तुमच्या मसुद्याने १.५५ पट. तुमच्या क्षेत्रावर त्या एका वर्षात दीड लाखाहून जास्त फरक.

बार्शीची_लेक
सातबाऱ्यावर आई आणि दोन भाऊ म्हणालात. बहिणी आहेत का? वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा. वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय. वारस नोंदीत नाव नाही म्हणून हक्क जात नाही. साध्या कागदावरचं हक्कसोड चालत नाही, नोंदणीकृतच लागतं. त्यापेक्षा त्यांना दस्तात घ्या आणि भाड्याचा वाटा थेट त्यांच्या खात्यावर लिहा.

मुद्रांकाचा_हिशेब
मुदत ३० नको, २९ करा. १० वर्षांवर ते २९ वर्षांपर्यंत मुद्रांक बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवर मोजतात, २९ ओलांडली की ९० टक्क्यांवर. नूतनीकरणाची मुदत दस्तात लिहिलेली असेल तर तीही मूळ मुदतीत धरतात.

टॉवेल_अक्कलकोट_रोड
मुद्रांक कंपनी भरणार, यांना काय त्याचं?

मुद्रांकाचा_हिशेब
कमी मुद्रांकाचा दस्त कोर्टात पुरावा म्हणून घेत नाहीत, आधी तूट आणि दंड भरा म्हणतात. भाडं थकल्यावर दावा कंपनी नाही, हेच लावणार. अडतील ते हेच.

कलमवाचक
एवढं बोललात, मसुद्यावर कोणीच येईना. अशा मसुद्यांत हे वाक्य हमखास असतं: 'भाडेपट्टाधारक ९० दिवसांच्या नोटिशीने करार संपवू शकेल, जमीनमालकास मुदतपूर्व समाप्तीचा अधिकार राहणार नाही.' त्यात दोन बदल मागा. पहिली ५ वर्षे कंपनीलाही सुटता येणार नाही, आणि दोन हप्ते थकले तर मालकाला करार संपवता येईल. बँकेकडे गहाण ठेवायचं ते कंपनीचा भाडेपट्टा हक्क आणि यंत्रसामग्री. जमिनीची मालकी नव्हे, हे शब्द स्पष्ट हवेत. कुलमुखत्यारपत्र वेगळं देऊ नका, अर्जापुरतं अधिकारपत्र द्या.

शेवटी जमीन मोकळी करणं. खांबांचं काँक्रीट आणि केबल जमिनीत राहिली तर नांगर चालणार नाही. किती महिन्यांत काढणार, किती खोलीपर्यंत, आणि तोवर भाडं चालू, असं लिहा. त्यासाठी बँक गॅरंटी मागा. लवादाची (कोर्टाबाहेर वाद सोडवण्याची) जागा मुंबई किंवा हैदराबाद असेल तर मनाईच्या अर्जालाही तिकडे जावं लागतं. 'सोलापूर' लिहून घ्या. आपल्या जिल्ह्याचं हायकोर्टाचं काम १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे, म्हणजे पुढचा टप्पाही जवळच.

जुळे_सोलापूर
परत सांगतो, महसूल आधी. सोसायटीचा बोजा उतरवा किंवा ना हरकत घ्या. भाडेपट्ट्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कातच लागली पाहिजे, ताबेदारात नाही.

बिल_भरणारा
करही बघा. हे भाडं शेती उत्पन्न धरत नाहीत, आयकर लागतो. अकृषिक आकारणी आणि जीएसटी कोणाकडे, ते कलमात नसलं तर नंतर दोघंही हात वर करतात.

माळरान_मंद्रूप
सगळ्यांचे आभार. दोन बहिणी आहेत, नावं लागलेली नाहीत. रविवारी दोघींना बोलावलंय. जमीन वर्ग १ आहे, आत्ताच उतारा बघितला. शोध मी स्वतःच घेणार. सूची २ आणि फेरफारांच्या नकला काढायला वकील लागत नाही. २५,००० पुण्यातल्या करार बघणाऱ्या वकिलाला, फक्त सहा कलमांसाठी: भाड्याची सुरुवात, वाढ, समाप्ती, गहाण, जमीन मोकळी करणं, लवादाची जागा. फोनवर तेवढ्यात हो म्हणालेत.

जुळे_सोलापूर
शोध स्वतः घेऊ नका ओ. एक जुना फेरफार सुटला तर तो सहा कलमांनी भरून निघत नाही.

माळरान_मंद्रूप
समजलं साहेब, पण मसुद्याचं इंग्रजी मला वाचता येत नाही, फेरफार येतो. सोमवारी सही करत नाही, असं कंपनीला कळवलंय. मुदतही २९ मागितली आहे.