होमाज जीएमटी घड्याळं: अनुभव, अडचणी आणि तो अर्धा तास

दोन रंगांचं बेझेल (काचेभोवतीचं फिरणारं कडं), दुसऱ्या प्रदेशाची वेळ दाखवणारा 24 तासांचा चौथा काटा, पाणबुड्यांच्या (डायव्हरच्या) घड्याळासारखी दणकट केस (बाहेरचं कवच). या रूपाचं मूळ म्हणजे रोलेक्सची जीएमटी-मास्टर. पॅन अ‍ॅम या विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी 1950 च्या दशकाच्या मध्यात ती आली. लाल-निळ्याला 'पेप्सी', काळ्या-निळ्याला 'बॅटमॅन', लाल-काळ्याला 'कोक' म्हणायची पद्धत तिच्यामुळेच रूढ झाली. 2018 साली स्टीलमधल्या पेप्सीची अमेरिकेतली छापील किंमत 9,250 डॉलर होती, आणि त्या किमतीला ती दुकानात मिळणं दुरापास्तच. त्यामुळे तेच रूप, पण स्वतःच्या नावाने आणि आवाक्यातल्या किमतीत देणारी होमाज घड्याळं बरेच जण घेतात. ज्यांनी ती वापरली, उघडली, दुरुस्त केली त्यांनी इथे लिहावं, वर आपलं टोपणनाव टाकून. 'छान आहे, घ्या' एवढंच नको. कोणतं मशीन, कोणतं बेझेल, काय बिघडतं आणि का, ते येऊ द्या.

एक पथ्य पाळू या. होमाज म्हणजे नक्कल केलेलं रूप, पण डायलवर बनवणाऱ्याचंच नाव. दुसऱ्याचं नाव किंवा रोलेक्सच्या मुकुटाचं चिन्ह छापलेला माल बनावट. बौद्धिक संपदेच्या 2007 च्या आयात नियमांखाली तो कस्टम्स अडवू शकतं. त्याची चर्चा या धाग्यात नको.

काटेकोर

सुरुवात मशीनपासून करा, रंग नंतर. जीएमटी मशीनचे दोन प्रकार. पहिल्यात 24 तासांचा काटा स्वतंत्रपणे तासातासाने सरकतो आणि मुख्य तासकाटा जागच्या जागी राहतो. याला 'कॉलर' (फोन करणारा) म्हणतात: घरी बसून परदेशातली वेळ पाहणाऱ्याचं मशीन. दुसऱ्यात मुख्य तासकाटाच तासातासाने उडी मारतो, मिनिट-सेकंद चालूच राहतात. हे 'फ्लायर', सतत प्रवास करणाऱ्याचं.

स्वस्तातलं सगळ्यात पसरलेलं कॉलर मशीन म्हणजे सेइकोचं एनएच34. ते 2022 मध्ये आलं आणि या बाजाराचं चित्रच पालटलं. तासाला 21,600 ठोके, पूर्ण चावी दिल्यावर सुमारे 41 तास चालेल एवढा साठा, कंपनीच्या दाव्यानुसार दिवसाला चूक उणे 20 ते अधिक 40 सेकंद. सेइको 5 मालिकेतल्या एसएसके001, 003, 005 या घड्याळांमध्ये याचंच भावंड 4आर34 आहे. फ्लायर हवं तर मियोटा 9075: 28,800 ठोके, 42 तास, उणे 10 ते अधिक 30. वरच्या पायरीवर स्टाइनहार्ट कंपनीची ओशन मालिका, तिच्यात ईटीए 2893-2 किंवा सेलिटा एसडब्ल्यू330 मशीन. ही दोन्हीही कॉलरच आहेत, महाग आहेत म्हणून फ्लायर असतील असं समजू नका.

अगदी स्वस्त घड्याळांत डीजी3804 हे चिनी मशीन येतं. चालतं, पण 24 तासांच्या काट्याला ढिलाई जास्त. एनएच34 आणि डीजी3804 यांच्या किमतीत फार अंतर नसेल तर विचार करू नका, एनएच34 घ्या. त्याचे सुटे भाग आणि अख्खं मशीनही सहज मिळतं.

9075 बद्दल एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. त्यात तारीख पटकन बदलायची सोय नाही. तासकाटा फिरवूनच तारीख सरकते, म्हणजे एका दिवसाला 24 उड्या. घड्याळ दहा दिवस बंद राहिलं की 240. घड्याळं आलटून पालटून घालणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावं.

सव्वापाच

काटेकोर, मशीनचं तुम्ही म्हणता ते बरोबरच. पण भारतात वापरताना खरी मेख वेगळीच आहे: आपला ग्रीनिचपासूनचा साडेपाच तासांचा फरक. हे बहुतेक परदेशी परीक्षणांत येतच नाही, कारण त्यांना ती अडचण पडतच नाही.

स्वतंत्र सरकणारा काटा पूर्ण तासानेच सरकतो. पुण्यात दुपारचे 3 वाजले तेव्हा ग्रीनिचला सकाळचे साडेनऊ. चौथा काटा 9 वर ठेवता येतो, 10 वर ठेवता येतो, पण मध्ये नाही. ही कसर बेझेलने भरून काढायची. काटा 9 वर ठेवा आणि बेझेल डावीकडे अर्धा तास, म्हणजे साडेसात अंश फिरवा. आता काट्यासमोर साडेनऊ दिसतील आणि पुढेही बरोबर दिसत राहतील.

इथे बेझेलच्या टिकटिकी मोजायच्या. 24 टिकटिकींच्या बेझेलला एक टिक म्हणजे पूर्ण तास, त्यामुळे अर्धा तास जमतच नाही. आजच्या खऱ्या जीएमटी-मास्टर 2 ला 24 च आहेत, आणि हुबेहूब नक्कल करणारे होमाज तेच उचलतात. पाणबुड्या घड्याळांवरून घेतलेल्या 120 टिकटिकींच्या बेझेलला एक टिक बारा मिनिटांची, त्यामुळे अर्धा तास अडीच टिकांवर येतो, सहा मिनिटं इकडे किंवा तिकडे. चालवून घेता येतं. 48 टिकटिकी असतील तर नेमकी एक टिक, आपल्यासाठी हेच सर्वोत्तम. सेइको एसएसकेच्या बेझेलला टिकच नाही, घर्षणावर फिरतं आणि हवं तिथे थांबतं. परदेशात त्याला नावं ठेवतात. मुंबईत बसून न्यू जर्सीशी बोलणाऱ्याला मात्र तीच सोय आहे.

चौथा काटा भारतीय वेळेवरच ठेवायचा असेल तर पूर्ण फरक बेझेलवर घ्या. आपल्या मागे असलेल्या प्रदेशासाठी बेझेल उजवीकडे, पुढे असलेल्यासाठी डावीकडे. ग्रीनिचसाठी साडेपाच तास उजवीकडे, म्हणजे बेझेलवरचा त्रिकोण डायलवरच्या 13 आणि 14 मिनिटांच्या खुणांमध्ये, 14 च्या जवळ येतो. टोकियोसाठी साडेतीन तास डावीकडे.

मशीन उघडणाऱ्यांसाठी आणखी पक्का उपाय आहे: चौथा काटाच अर्धा तास पुढे बसवून घ्यायचा. एनएच34 मध्ये तो सगळ्यात खाली असतो, म्हणून बाकीचे तिन्ही काटे काढावे लागतात. चावी पूर्ण ओढून तारीख उडेपर्यंत काटे पुढे न्यायचे, त्या क्षणी चौथा काटा बाराच्या रेषेपासून साडेसात अंश उजवीकडे दाबायचा, मग तास आणि मिनिट बरोबर बारावर. यातली गंमत अशी की हे घड्याळ घेऊन लंडनला गेलात आणि मुख्य काटे लंडनच्या वेळेला लावलेत, तर चौथा काटा भारताची वेळही अचूक दाखवतो. भारत आणि पूर्ण तासाचा कोणताही प्रदेश, दोघांत अर्ध्या तासाचाच फरक असतो म्हणून. फक्त लंडन आणि न्यू यॉर्क अशी जोडी लावली की हा काटा चुकणार.

जाता जाता: हिवाळ्यात लंडनची वेळ पाहायला भारतीय वेळेचं साधं काट्याचं घड्याळ उलटं धरलं तरी चालतं. तीनचे साडेनऊ दिसतात.

दुबईकर

सव्वापाचांच्या मुद्द्यात फ्लायरची भर घालते. मुंबई ते दुबई दीड तास. मुंबईत 3 वाजले असताना तासकाटा दोन उड्या मागे नेला की 1 दिसतो, हवे असतात दीड. मग चावी पूर्ण ओढून मिनिटं अर्धा तास पुढे घ्यावी लागतात, आणि त्यासोबत चौथा काटाही अर्धा तास पुढे जातो. तो आता घरची वेळ साडेतीन दाखवतो. बेझेल अर्धा तास उजवीकडे फिरवलं की पुन्हा तीन. म्हणजे 'उतरल्या उतरल्या एका झटक्यात वेळ बदला' ही फ्लायरची जाहिरात भारतातून निघणाऱ्याला लागू पडत नाही. दुबई, लंडन, सिंगापूर, टोरांटो अशा पूर्ण तासांच्या गावांमध्ये फिरणाऱ्यांनी फ्लायरला जास्तीचे पैसे द्यावेत. मुंबई-दुबई करणाऱ्यांना एनएच34 पुरेसं आहे. काठमांडूला जाणाऱ्यांनी दोन्ही विसरावं, तिथे फरक पाव तासाचा.

उन्हाळी वेळेचंही बघा. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटन आणि युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार. न्यू यॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चमधले दोन-तीन आठवडे अमेरिका बदललेली असते आणि लंडन नाही. दोन्हीकडची कामं सांभाळणाऱ्यांची गफलत तेव्हाच होते.

एक प्रश्न

एनएच34 ची वेळ लावताना तारीख दुपारी बारालाच बदलते आहे. मशीन खराब आहे का?

काटेकोर

नाही, सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झाली आहे. क्रम असा ठेवा. चावीचे आटे सोडवा. घड्याळ बंद असेल तर आधी वीस-पंचवीस फेरे चावी द्या. मग चावी पूर्ण ओढून काटे पुढे फिरवत राहा. तारीख बदलली की ती मध्यरात्र. तिथून काटे पुढे सकाळी सहाच्या आसपास आणून चावी पहिल्या टप्प्यावर ढकला. एका दिशेने तारीख बदलेल, दुसऱ्या दिशेने चौथा काटा. मग चावी पुन्हा पूर्ण ओढून आजची वेळ मोजून लावा. रात्री 9 ते पहाटे 4 या वेळेत तारीख कधीच हाताने बदलू नका. तेव्हा तारखेची दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली असतात, जबरदस्ती केली की दात तुटतो आणि मग तारीख अर्धवट अडकून बसते.

शेवटी मिनिटकाटा नेहमी पुढे फिरवतच योग्य खुणेवर आणा. मागे आणून थांबवलात तर चाकांमधली मोकळीक तशीच राहते. काटा पहिली एक-दोन मिनिटं हलत नाही आणि चौथा काटाही खुणेच्या थोडा मागे दिसतो. 'काटा जुळत नाही' या तक्रारींपैकी बऱ्याच याच असतात.

खाडीकाठ

जाहिरातींतल्या 'डाइव्ह-स्टाइल' (पाणबुड्या धाटणीचं) या शब्दाने फसू नये. पाणबुड्यांच्या घड्याळाचं मानक आयएसओ 6425. त्यात किमान 100 मीटरची क्षमता आणि निदान 60 मिनिटं मोजता येणारं, चुकून न फिरणारं साधन लागतं. 24 आकड्यांचं, दोन्ही दिशांना फिरणारं बेझेल यात बसतच नाही. तारकर्लीला स्कूबा करायचं असेल तर या बेझेलवर पाण्याखालची वेळ मोजू नका.

पोहायला, पावसाला 100 मीटर पुरेसे आहेत, सील चांगलं असेल तर. एसएसकेची चावी आट्यांची नाही, नुसती दाबायची आहे, तरी तिला 100 मीटर आहेत. होमाजमध्ये बहुधा आट्यांची चावी येते आणि ती बसवताना हमखास एक चूक होते: सरळ दाबून फिरवणं. आधी दाबून हलकेच उलटं फिरवा, आटा जागेवर पडल्याचं बोटाला कळतं, मग सरळ बसवा. नाहीतर बारीक आटे तिरके कापले जातात, चावी अर्धवट बसते आणि पाणी तिथूनच शिरतं.

सील घरी तपासता येतं. घड्याळ 40 ते 45 अंशांच्या कोमट धातूच्या पट्टीवर दहा-वीस मिनिटं ठेवा. काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब टाका, मिनिटभराने पुसा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत ओल आहे: आधी मागचं झाकण उघडून वाळवायचं, मग रबरी रिंग बदलायची. नवीन रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरे. जास्त लावलं तर त्यात धूळ चिकटते.

कोकणात बेझेल जाम होण्याचं कारण खारं पाणी आणि घाम. बेझेलखाली मिठाचे कण बसतात. समुद्रातून आल्यावर नळाच्या पाण्याखाली, चावी बसवलेली असताना, बेझेल दोन्ही दिशांना फिरवा. आठवड्यातून एकदा मऊ ब्रश आणि साबण. तेल कधीही नको.

रंगारी

बेझेलच्या रंगीत कड्याबद्दल. अ‍ॅल्युमिनियमचं कडं ओरखडतं, उन्हात विटतं, पण बदलायला सोपं. सिरॅमिक ओरखडत नाही, पण फरशीवर पडलं की तडकतं. दोन रंगांचं सिरॅमिक एका तुकड्यात बनवणं कठीण आणि लाल सगळ्यात कठीण. रोलेक्सचाच क्रम बघा: काळं-निळं 2013 मध्ये, लाल-निळं 2014 मध्ये फक्त पांढऱ्या सोन्यात, स्टीलमध्ये थेट 2018 ला. त्यामुळे स्वस्त सिरॅमिक पेप्सीत लाल हा मरून किंवा गुलाबीकडे झुकतो. घेण्याआधी दिवसाच्या उजेडातला, प्रकाशयोजना नसलेला फोटो मागा. लाल आणि निळ्याच्या सांध्याची रेषा 6 आणि 18 च्या आकड्यांवर सरळ आहे की लाटेसारखी, तेही पाहा. चांगला लाल हवाच असेल तर अ‍ॅल्युमिनियम घ्या. बॅटमॅन मात्र सिरॅमिकमध्ये डोळे झाकून घ्या.

चिमटा

एनएच35 (सेइकोचं तीन काट्यांचं मशीन) च्या केसमध्ये एनएच34 घालून स्वतः जीएमटी बनवणाऱ्यांसाठी थोडक्यात. चौथ्या काट्यामुळे काट्यांची उंची वाढते. डायलचं मधलं भोक पुरेसं मोठं आहे ना आणि सेकंदकाट्यावर काचेपर्यंत जागा उरते ना, हे भाग मागवण्याआधी पाहा. काटे बसवल्यावर चारही काटे एकमेकांवर येतील अशा वेळा फिरवून बाजूने भिंगाखाली बघा. कुठेही स्पर्श दिसला तर घड्याळ दिवसातून एकदा, ठरावीक वेळी थांबेल.

वेळ जुळवताना टाइमग्राफरवर (ठोके ऐकून वेग मोजणारं यंत्र) लिफ्ट अँगल, म्हणजे मशीननुसार भरायचा कोन, 53 ठेवा. मशीनवर दोन दांड्या शेजारी असतात. वेग बदलायला एकच हलवायची, डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढी. दुसरी ठोक्यांचा समतोल ठरवते, तिला हात लावू नका. अचानक दिवसाला दोन-तीन मिनिटं पुढे जाऊ लागलं तर दांडी न हलवता आधी चुंबकत्व काढा. स्पीकर किंवा पर्सच्या चुंबकी बटणाजवळ ठेवलं तरी हे होतं.

काटेकोर

एसएसके घेणाऱ्यांनी पट्ट्याचं माप नोंदवा: 22 मिमी. होमाज बहुतेक 20 चे असतात, म्हणून पट्टे आपसांत बदलता येत नाहीत. सेइकोच्या साखळीच्या कड्या पिन आणि बारीक नळीने जोडलेल्या असतात. पिन बाणाच्या दिशेनेच बाहेर ढकला आणि खाली पांढरं कापड पसरा. नळी तीन मिलिमीटरचीही नसते, पडली की सापडत नाही आणि तिच्याशिवाय पिन धरत नाही.