हावडा पुलावरच्या पिंका: लोखंड नेमकं कशाने खाल्लं?

पोलादी: १९४३ साली खुल्या झालेल्या या पुलाचा रस्ता हँगरच्या, म्हणजे त्याला वरून तोलून धरणाऱ्या उभ्या पोलादी भागांच्या, ३९ जोड्यांवर लटकतो. पदपथालगत त्यांच्या पायथ्यांना लोखंडी टोपणं होती आणि लोक पान-गुटख्याच्या पिंका त्यांवरच टाकत. २००७ मध्ये ६ मिमी जाड असलेला पत्रा काही वर्षांनंतरच्या तपासणीत ३ मिमीच्याही खाली गेलेला आढळला. नंतर फायबरग्लासची आवरणं आली. माझ्या मते तेच बरोबर. तिथे पुन्हा लोखंड बसवायचं म्हणजे थुंकणाऱ्यांना नवा पत्रा पुरवायचा.

ओलगंज: सगळे पानातल्या चुन्याच्या नावाने खडे फोडतात, पण चुना अल्कधर्मी. काँक्रीटमधली सळई तशाच अल्कधर्मी वातावरणात टिकते. खरा घात चोथ्याचा. तो ओल धरून ठेवतो, लाळेतले क्षार तिथेच साठतात आणि थराखाली पत्र्याला खड्डे पडतात. पक्ष्यांची विष्ठाही तिथे हेच करते. रोज धुतलं तर आवरण कशाला? त्याआड गंज दिसायचाही बंद होतो.

पोलादी: धुतलेलं पाणी जाणार कुठे? हँगर आणि आडवी तुळई यांच्या सांध्यात पाणी मुरू नये म्हणूनच तर टोपणं होती. पाइप मारून तुम्ही क्षार थेट तिथेच ढकलणार.

दंडवाला: जिन्यात लावतात तशा देवांच्या टाइल्स चिकटवा, प्रश्न मिटला.

ओलगंज: हादरणाऱ्या, उन्हात प्रसरण पावणाऱ्या पोलादावर टाइल? महिन्यात फटी पडतील आणि मागे ओल साचेल. शिवाय थुंकणारा दोन पावलं पुढे सरकेल, एवढंच.

रंगहात: आवरण हवंच, पण दोन अर्ध्या भागांचं, बोल्ट काढून उघडणारं. वरची कड सीलबंद, खाली निचऱ्याला फट. बसवण्याआधी गोड्या पाण्याने क्षार धुवायचे, पत्रा सुकल्यावरच ब्लास्टिंग, म्हणजे खरखरीत कणांचा जोरदार मारा करून गंज उडवणं. खड्ड्यात क्षार राहिले तर नव्या रंगाखाली फोड येतात. ब्लास्टिंगनंतर त्याच दिवशी, गंजाची लाली चढण्याआधी, झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा रंगाचा पहिला थर. रिव्हेटची (पत्रे जोडणाऱ्या पोलादी खिळ्यांची) डोकी आणि कडा आधी ब्रशने, कारण तिथे फवारा पातळ बसतो. कंत्राटदार हीच पायरी गाळतात. पत्र्याची जाडी मोजतानाही गंजाचे पापुद्रे खरवडून मगच मापकाचा प्रोब टेकवा, नाहीतर आकडा फसवा येतो.

ओलगंज: उघडणारं असेल तर माझा विरोध निम्मा. पण दर पावसाळ्यानंतर उघडून बघायचं हे कंत्राटातच लिहा. रिव्हेटने जोडलेल्या दोन पट्ट्यांमध्ये गंज फुगला की पट्ट्या फाकतात, आणि ते वरून रंग देऊन निस्तरत नाही.

पोलादी: मान्य. पण रोजचं धुणं नकोच. ओल्या फडक्याने पुसा.