पहिला पीआर टाकायचा कुठे? ‘गुड फर्स्ट इश्यू’वर आधीच दहा जण बसलेले असतात

नवखा_अंबरनाथ:

मंडळी, नमस्कार. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायथन बऱ्यापैकी येतं, जावास्क्रिप्ट कामापुरतं. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) म्हणाल तर ॲड, कमिट, पुश एवढंच. ओपन सोर्सला हातभार लावायचाय, म्हणजे पहिला पीआर (पुल रिक्वेस्ट, ‘माझा बदल प्रोजेक्टमध्ये घ्या’ ही विनंती) टाकायचाय, पण सुरुवातीलाच गाडी अडली आहे.

एक, प्रोजेक्ट निवडायचा कसा? इश्यूंवरचं (प्रोजेक्टकडे नोंदवलेल्या तक्रारी-कामांवरचं) ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे नवशिक्यांसाठीचं लेबल बघावं तर प्रत्येकाखाली ‘प्लीज असाइन मी’ची रांग. दोन, रीडमीतलं (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीतलं) स्पेलिंग दुरुस्त केलेलं चालतं का? तीन, लॅपटॉप ८ जीबीचा, विंडोज, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. मोठी रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा सगळा कोड) क्लोन करायला, म्हणजे उतरवायला घेतली की दिवसाचा डेटा तिथेच संपतो. आणि चार, मुंबईत प्रत्यक्ष जाऊन शिकता येईल असं काही आहे का? मध्य रेल्वेवर असेल तर सोन्याहून पिवळं.

सायन_शेल:

लेबल आधी डोक्यातून काढ. ते जगभरातल्या सगळ्या नवशिक्यांना एकाच वेळी दिसतं, म्हणून तिथे रांग. तुझ्या कॉलेज प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘पिप लिस्ट’ (इन्स्टॉल केलेल्या पायथन लायब्ररींची यादी) चालव. जी वीस-तीस नावं येतील त्यातली मधल्या आकाराची दोन-तीन निवड. फार प्रसिद्ध नकोत, मेलेलीही नकोत. मग त्यांचे शेवटचे तीसेक बंद झालेले पीआर उघडून बघ. बाहेरच्या माणसाचे किती मर्ज झाले, म्हणजे प्रोजेक्टमध्ये घेतले गेले? पहिलं उत्तर किती दिवसांत आलं? सगळे पीआर दोघा-तिघा मेंबरांचेच असतील तर पुढे चल. परवान्याची फाइल आहे का तेही बघ. ती नसेल तर कोड नुसता उघड्यावर ठेवलाय, कायद्याने तो ओपन सोर्स नाही.

पहिलं काम कोड लिहिण्याचं नसतंच. इश्यूंमध्ये असा बग शोध ज्यात तक्रार करणाऱ्याने ‘चालत नाही’ एवढंच लिहिलंय. ताज्या आवृत्तीवर तो घडवून बघ. घडला तर खाली लिही: ऑपरेटिंग सिस्टिम, पायथनची आणि लायब्ररीची आवृत्ती, पूर्ण एरर (स्क्रीनशॉट नको, मजकूर), आणि बग दाखवणारा दहा-पंधरा ओळींचा कोड. नाही घडला तर तेही लिही, तेवढ्यावर जुने इश्यू बंद होतात.

एक पायरी पुढे जायचं असेल तर ‘गिट बायसेक्ट’ शिक. जुन्या आवृत्तीत चालत होतं आणि नव्यात मोडलं, मध्ये हजार कमिट (नोंदवलेले बदल). बायसेक्ट दर वेळी मधोमध नेऊन ठेवतं, तू ‘गुड’ किंवा ‘बॅड’ सांगायचंस. साधारण दहा फेऱ्यांत नेमका दोषी कमिट हातात. मेंटेनरच्या (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याच्या) दृष्टीने ही माहिती अर्ध्या पीआरच्या तोडीची. शिवाय तोपर्यंत ती फाइल तुला इतकी पाठ झालेली असते की दुरुस्ती सहसा तूच करतोस.

‘असाइन मी’ लिहू नकोस. असं लिही: ‘हा बग मला अमुक आवृत्तीवर दिसला, चूक तमुक फंक्शनमध्ये आहे, रिकामी लिस्ट आली तर तपासणी होत नाही. असा बदल केला तर चालेल का?’ कुणी इश्यू धरून ठेवलाय आणि महिनाभर पीआर नाही, तर सरळ विचारावं की काम चालू आहे का. बहुतेक जण सोडून देतात.

रीडमीच्या स्पेलिंगचं: एखादी खरी चूक दिसली तर जरूर दुरुस्त कर, पण शोधत फिरू नकोस. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टला (पीआर टाकून टी-शर्ट मिळवायची ऑक्टोबरातली मोहीम) टी-शर्टपायी लोकांनी रीडमीत एखादं विशेषण घालून पीआरचा इतका कचरा केला की त्याच महिन्यात नियम बदलावा लागला. ज्या प्रोजेक्टने स्वतःहून होकार दिलाय तिथलेच पीआर धरायचे असं ठरलं. तेव्हापासून नवख्याचा एका शब्दाचा पीआर आला की मेंटेनरच्या कपाळावर आठी पडते. याउलट ‘इन्स्टॉलेशनची चौथी पायरी विंडोजवर मोडते, कारण तिथे ही कमांडच नाही’ हा डॉक्युमेंटेशनचा पीआर सोन्यासारखा. आणि तो नवख्यालाच सुचतो, जुन्यांनी ती पायरी वर्षानुवर्षं चालवलेली नसते.

खोपोली_कमिटर:

मी फक्त तिसऱ्या प्रश्नाचं आणि गिटचं सांगतो. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत.

डेटा वाचवायला लोक ‘डेप्थ १’ने क्लोन करायला सांगतात. त्यात इतिहासच येत नाही, मग वर सांगितलेलं बायसेक्ट आणि रिबेस (आपले कमिट ताज्या कोडवर पुन्हा बसवणं) दोन्ही अडतात. त्याऐवजी क्लोनला ‘फिल्टर=ब्लॉब:नन’ लाव. कमिटांचा सगळा इतिहास येतो, जुन्या फाइलींचा मजकूर मात्र लागेल तेव्हाच उतरतो. बायसेक्टच्या प्रत्येक फेरीला थोडा डेटा जाईल, तेवढं लक्षात ठेव. डॉकरच्या इमेजेस (प्रोग्राम चालवायचे तयार मोठे संच) लागल्या तर मात्र कॉलेजच्या वायफायवर उतरवून घे.

विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घे. रिपॉझिटरी लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेव, सी ड्राइव्हवर नको. दोन फाइल सिस्टिमच्या मधून ये-जा करताना टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्राम) रांगायला लागतात. डब्ल्यूएसएल निम्मी मेमरी खाऊ शकतं, म्हणजे ८ जीबीत क्रोम उघडं असेल तर सगळंच ठप्प होतं. यूजर फोल्डरमध्ये ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ फाइलमध्ये मेमरी ३ जीबी लिहून ठेव. तरीही जमेना तर गिटहबचं (प्रोजेक्टांचा कोड जिथे असतो ती वेबसाइट) कोडस्पेसेस, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचं त्यांचं मशीन: वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर ६० तास. कोड तिकडे चालतो, तुझ्या हॉटस्पॉटवरून फक्त एडिटर जातो. काम झालं की मशीन बंद कर, नाहीतर तास जळत राहतात.

आता क्रम. गिटहबवर फोर्क (आपल्या खात्यात प्रोजेक्टची प्रत) कर. स्वतःचा फोर्क क्लोन कर, तो ‘ओरिजिन’. मूळ प्रोजेक्ट ‘अपस्ट्रीम’ नावाने जोड. मग इश्यूच्या नंबराची नवी ब्रांच (बदलांची वेगळी फांदी). मेन ब्रांचवर काम करू नकोस, नाहीतर दुसऱ्या पीआरमध्ये पहिल्याचे कमिट घुसतात. पुश करताना पासवर्ड चालत नाही, गिटहबने तो १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद केलाय. एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) बनव, ईडी२५५१९ प्रकारची. आणि गिटच्या कॉन्फिगमधला ईमेल गिटहब खात्यात जोडलेला असू दे. नसेल तर कमिट तुझ्या प्रोफाइलवर दिसतच नाही आणि लोक इथे येऊन ‘पीआर मर्ज झाला पण हिरवा ठिपका कुठाय’ विचारतात.

बदल करण्याआधी टेस्ट एकदा चालवून बघ. आधीच दोन फेल होत असतील तर ते तुझं पाप नाही हे तेव्हाच कळतं. मग बग पकडणारी टेस्ट आधी लिही, ती लाल झालेली डोळ्याने बघ, आणि नंतरच दुरुस्ती.

हमखास काय बिघडतं ते सांगतो. एक ओळ बदलली आणि डिफमध्ये (काय बदललं त्याच्या यादीत) आठशे ओळी दिसतात: विंडोजच्या एडिटरने ओळीच्या शेवटी सीआर-एलएफ घातलंय, प्रोजेक्टमध्ये नुसतं एलएफ आहे. किंवा व्हीएस कोडमध्ये ‘फॉर्मॅट ऑन सेव्ह’ चालू आहे आणि त्याने सगळी फाइल स्वतःच्या मर्जीने नटवली. कमिटआधी ‘गिट डिफ --स्टॅट’ मारायची सवय लाव, आकडा तुझ्या कामाच्या मानाने मोठा वाटला तर थांब. ‘गिट ॲड .’ करू नकोस, ‘गिट ॲड -पी’ कर. ते प्रत्येक तुकडा दाखवून विचारतं, त्यामुळे डीबगसाठी टाकलेले प्रिंट आणि पासवर्डची फाइल आत जात नाही.

तुझा पीआर पडून असताना मूळ मेन पुढे सरकेल. ‘फेच अपस्ट्रीम’, मग ‘रिबेस अपस्ट्रीम/मेन’. त्यानंतर साधा पुश नाकारला जातो, कारण इतिहास बदललाय. तिथे घाबरून नवा पीआर उघडू नकोस. ‘फोर्स-विथ-लीज’ लावून त्याच ब्रांचवर पुश कर. नुसता ‘फोर्स’ नको, मध्ये मेंटेनरने तुझ्या ब्रांचवर काही टाकलं असेल तर ते पुसलं जाईल.

‘डीसीओ’ची (‘हा कोड द्यायचा हक्क मला आहे’ या हमीची) लाल फुली आली तर कमिटच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ नाही असा अर्थ. एकच कमिट असेल तर ‘कमिट --अमेंड -एस’. तीन असतील तर ‘रिबेस --साइनऑफ हेड~३’. आणि पहिल्या पीआरला चेक (आपोआप होणाऱ्या तपासण्या) चालतच नाहीत, ‘अप्रूव्हलची वाट’ असं दिसतं. नव्या माणसाचं वर्कफ्लो मेंटेनरने हाताने सोडावं लागतं, तुझं काही चुकलेलं नसतं.

अक्षर_दादर:

सगळे बगच्या मागे लागले आहेत, पण तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी बर्लिनच्या मेंटेनरकडे नाही: तुला मराठी वाचता येतं.

भाषांतर हा एक रस्ता. फायरफॉक्ससाठी मोझिलाचं पाँटून, मीडियाविकीसाठी ट्रान्सलेटविकी, लिबरऑफिससाठी वेबलेट. आधीच्या लोकांनी ‘फाइल’ला फाइल म्हटलंय की संचिका ते बघून तेच पुढे चालव. मात्र कोडवाल्याला खरं कुरण आहे ते देवनागरीच्या बगांचं.

पायथन उघड आणि मजकुरात नमुने शोधणाऱ्या ‘री’ मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लसने (‘शब्दातली सलग अक्षरं’ अशी खूण) ‘मराठी’ शब्द शोध. उत्तर येतं ‘मर’ आणि ‘ठ’. काना आणि वेलांटी ही युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकात) अक्षरं नसून चिन्हं आहेत आणि हे मॉड्यूल त्यांना शब्दाचा भाग धरत नाही. वेगळं इन्स्टॉल करायचं ‘रेजेक्स’ मॉड्यूल धरतं. आता विचार कर, शब्दमोजणी, हॅशटॅग, यूआरएलचा स्लग (वेबपत्त्यातला शीर्षकाचा भाग), सर्च हे सगळं किती लायब्ररींमध्ये याच डब्ल्यूवर उभं आहे. तुझ्या ‘पिप लिस्ट’मधल्या प्रत्येकीला एक मराठी वाक्य भरवून बघ, अर्ध्या तासात काहीतरी फुटतं.

दुसरं. दरीचं अनेकवचन ‘दऱ्या’ आणि समुद्र तो ‘दर्या’. पहिल्यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: स्वतंत्र ऱ घेऊन (यू+०९३१, हा त्याचा युनिकोडमधला क्रमांक म्हणजे कोडपॉइंट), किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर घालून. दिसायला एकच, बाइट वेगळे, म्हणून सर्चमध्ये एक सापडतो आणि दुसरा नाही. एनएफसी नॉर्मलायझेशन (समान मजकूर एकाच रूपात आणायची युनिकोडची पद्धत) लावूनही हे जुळत नाही. वर काही प्रोग्राम ‘सफाई’ म्हणून न दिसणारी कॅरेक्टरं उडवतात, की सह्याद्रीच्या दऱ्यांचा थेट दर्या होतो! ‘ॲ’चंही तसंच. यू+०९७२ हे अक्षर युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आलं. जुन्या मजकुरात अ आणि वर चंद्र असे दोन कोड असतात. युनिकोड या दोघांना समान मानत नाही, म्हणून ‘ॲप’ शोधलं तर जुनं सापडत नाही.

असा बग नोंदवताना चित्र देऊ नका, कोडपॉइंट लिहा. मेंटेनरला देवनागरी येत नाही. ‘मला हे दोन शब्द वेगळे दिसतात’ हे त्याला पटवायला यू+०९३१ हाच पुरावा. सोबत टेस्टसाठी चार शब्द आणि प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर द्या. फाँटमध्ये रस असेल तर मुंबईच्याच एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे ओपन फाँट परवान्याखाली आहेत. तिथे जोडाक्षर बिघडलेलं दिसलं तर शब्द, फाँटची आवृत्ती आणि कोणत्या प्रोग्राममध्ये दिसलं ते लिहायचं. कित्येकदा दोष फाँटचा नसून प्रोग्रामचा निघतो.

पवई_प्रॉम्प्ट:

चौथ्या प्रश्नाचं. आयआयटी मुंबईचा फॉसी (शिक्षणात ओपन सोर्स वापरण्याचा) प्रकल्प पवईत आहे, ई-सिम हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर त्यांचंच. विद्यार्थ्यांसाठी ते फेलोशिपही काढतात, वेबसाइटवर लक्ष ठेव. स्टेशन कांजूरमार्ग. फास्टने निघालास तर ठाण्याला उतरून स्लो पकड. आयआयटीच्याच स्पोकन ट्यूटोरियलमध्ये बरेच विषय मराठीत ऐकायला मिळतात. फॉस युनायटेड या ओपन सोर्सवाल्यांच्या संस्थेच्या मुंबईत मीटअप होतात, तिथे लॅपटॉप घेऊन जा आणि अडलेला एकच प्रश्न घेऊन जा. ‘मला ओपन सोर्स शिकवा’ म्हणणाऱ्याला कुणी काय शिकवणार?

पायथन येतं तर ईआरपीनेक्स्ट (धंद्याचे हिशेब सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) बघ, ते बनवणारी फ्रापे ही कंपनी मुंबईचीच. पीआर ‘डेव्हलप’ ब्रांचवर टाकायचा, आवृत्तीच्या ब्रांचवर नाही; शीर्षक ‘फिक्स:’ किंवा ‘फीट:’ने सुरू व्हायला हवं, नाहीतर चेक अडवतो. मारियाडीबी, रेडिस, नोड सगळं लागतं, तेव्हा ८ जीबीत कोडस्पेसेसचाच विचार कर. हिशेबाचे शब्द, जर्नल एंट्री, जीएसटी, हे थोडं कळत असेल तर जास्त सोपं जाईल.

गूगल समर ऑफ कोडच्या (ओपन सोर्स संस्थांसाठी काम करणाऱ्या नवख्यांना मानधन देणारा गूगलचा उपक्रम) मागे आत्ताच लागू नकोस. २०२२ पासून ते फक्त विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही, त्यामुळे घाई कसली? संस्थांची यादी लागल्यावर पहिला पीआर टाकणारे शेकड्याने असतात.

नवखा_अंबरनाथ:

खूप आभार. ‘मर’ आणि ‘ठ’ आत्ताच करून बघितलं, खरंच तसंच येतं! दोन शंका. पीआरला कुणी उत्तरच दिलं नाही तर किती थांबायचं? आणि चॅटबॉटकडून कोड लिहून घेतला तर चालतो का?

सायन_शेल:

आठ-दहा दिवस थांब, मग त्याच पीआरमध्ये एक ओळ. पाच जणांना टॅग करू नकोस, खासगी मेल तर अजिबात नको. महिना गेला तर ते सोडून पुढचा बग घे, पीआर उघडाच राहू दे. रिव्ह्यू आला की प्रत्येक शेऱ्याला उत्तर दे, पटलं नाही तर कारणासकट सांग. ‘निट’ लिहिलेलं असेल तर ते किरकोळ आहे, पण करून टाक.

चॅटबॉटचं प्रत्येक घराचं वेगळं. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी २०२४ मध्ये त्याला बंदीच घातली. काही ठिकाणी सांगून वापरलेलं चालतं. प्रोजेक्टच्या कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये (हातभाराचे नियम) बघ. चालत असलं तरी रिव्ह्यूत ‘ही ओळ का?’ विचारल्यावर उत्तर तुलाच द्यायचंय, आणि ते पुन्हा बॉटकडून आणलेलं असलं की लगेच ओळखू येतं.

खोपोली_कमिटर:

एक राहिलं. फोर्क करताना ‘फक्त मुख्य ब्रांच कॉपी करा’वर आधीच खूण असते. ती राहिली तर फोर्कमध्ये आवृत्त्यांचे टॅग (कुठला कमिट कुठली आवृत्ती ते सांगणाऱ्या खुणा) सापडत नाहीत आणि बायसेक्टला ‘गुड’ म्हणून काय द्यायचं तेच कळत नाही. ‘गिट फेच अपस्ट्रीम --टॅग्ज’ चालव, मग ‘गिट टॅग’ मारून यादी बघ.