जळगाव-पुणे विमानाचं खरं अंतर किती आणि वेळ किती धरायचा?

चोपड्याची लेक: आईला पुण्याला डॉक्टरकडे न्यायचंय, दोन्ही गुडघे गेलेत, ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर पाय मोडून बसणं तिला होत नाही म्हणून विमान बघतेय. पण एका ठिकाणी अंतर 172 दाखवतं, दुसरीकडे 198, तिसरीकडे 318, आणि वेळ सव्वा तासाच्या आसपास. रस्त्याने तर जवळपास 400 किमी पडतं ना? मग खरं कुठलं धरू, आणि एवढ्याशा अंतराला सव्वा तास कसा काय लागतो?

तापीकाठ: ताई तिन्ही आकडे बरोबर आहेत, मापं वेगळी. 172 म्हणजे सागरी मैल (1 सागरी मैल = 1.852 किमी), 198 साधे मैल आणि 318 किमी. हे सरळ रेघेतलं अंतर, रस्ता अजिंठा घाट, सिल्लोड, संभाजीनगर, नगर असा फिरून जातो म्हणून 400 होतं. वेळेचं म्हणाल तर ह्या मार्गावर एटीआर म्हणजे पंख्याचं विमान असतं, वरती गेल्यावर ताशी 500 च्या आसपास, त्या हिशोबाने चाळीस मिनिटंच, पण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून पुण्यात जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतचा असतो, रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं सगळं त्यात आलं.

लोहगाववाला: माझं ऐका, सव्वा तास धरूच नका, घर ते घर धरा. चोपड्याहून विदगावच्या पुलावरून जळगाव आणि पुढे कुसुंब्याला विमानतळ, आई सोबत असली की दोन तास हातात ठेवा. विमानाच्या दीड-दोन तास आधी पोचा, काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. पुण्यात सामान आणि लोहगावची ट्रॅफिक मिळून अजून तास-दीड तास. म्हणजे सहा-सात तास गेलेच, ट्रॅव्हल्सपेक्षा फार वाचत नाही, पण मी आमच्या अक्काला असंच आणलं होतं आणि तिला एका जागी जखडून बसावं लागलं ते फक्त तो सव्वा तास, गुडघेवाल्या माणसाला हाच फरक मोठा. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. एटीआरला दार मागे असतं, त्यालाच थोड्या पायऱ्या आणि धरायला कठडा, अक्का एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढली. आणि विमान कुठल्या वारी आहे ते आधी बघा, मग डॉक्टरची तारीख घ्या, उलटं करू नका.

चोपड्याची लेक: खूप आभार दादा, दोघांचेही. तारखेचं डोक्यातच नव्हतं, उद्याच फोन करते. आई विचारतेय वरून तापी दिसेल का?

तापीकाठ: तापी उत्तरेला राहते आणि विमान पाचोऱ्याच्या अंगाने दक्षिणेला जातं, त्यामुळे दिसलीच तर उडाल्या उडाल्या. पण उजवीकडची खिडकी घ्या, हवा स्वच्छ असली तर गिरणा दिसेल. एटीआरचे पंख खिडकीच्या वर असतात, खाली बघायला काही आड येत नाही.